स्थिरक गृहिणी

मला किळस आली आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की जयाकाकूंनी गोड बोलून बसवलं आणि मग तोंड सोडलं. किळस कोणाची म्हणाल तर सरकारची, त्या मशीनची, आमच्या जावयाची, भिशीतल्या बायकांची आणि माझ्या या जिभेची. पहिला नंबर कोणाला द्यावा ते ठरत नाही. सगळेच लायकीचे आहेत.

मी जयमाला कोठावळे. बार्शीत उपळाई रस्त्याला घर आहे. हे पाटबंधारे खात्यात होते, ते गेले, आता मी एकटी आणि पेन्शन. माझ्या तोंडाचा पट्टा गावाला माहीत. बलदोट्यांच्या किराणा दुकानात मी पायरी चढले की थोरले बलदोटा गल्ल्यावरूनच नोकराला सांगायचे, काकू आल्या, पंखा वाढव. तुरडाळीचा भाव चार आण्यानं जरी हलला तरी मी सगळ्या दुकानाला ऐकवायची. गोडंतेल, शेंगदाणे, साबण, कशालाच सोडलं नाही. संध्याकाळपर्यंत माझंच वाक्य कॉलनीत घरोघर फिरून माझ्याकडे परत यायचं, वर चार शब्दांची फोडणी घालून.

आणि एक गोष्ट खरी की कॉलनी माझ्या बोलण्यावर चालायची. महिन्याच्या भिशीला आम्ही बायका जमलो की मी म्हणायची, यंदा उडीद चढलाय. झालं, पापड लाटणाऱ्यांची मजुरी वाढायची. मी म्हणायची, गॅस महागला, की धुण्याभांड्याच्या बाया पगार वाढवून मागायच्या आणि मिळायचाही. माझी मैत्रीण मंदा धोत्रे डबे करते, नर्सेसना, क्लासच्या पोरांना, बँकेतल्या एकट्या माणसांना. तिच्या डब्याचा दरसुद्धा मला विचारल्याशिवाय ठरत नसे. मला त्याचा अभिमान होता. बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात ना, माझं तसंच होतं.

मग दुकानांत त्या पट्ट्या आल्या. फळीवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या गेल्या आणि प्रत्येक मालापुढे बोटभर रुंदीची काळी पट्टी बसली. मोबाइल तिच्यासमोर धरायचा, आपला भाव आपल्या मोबाइलवर येतो. बलदोट्यांच्या मुलानं समजावलं की ज्याची जशी खरेदी तशी त्याची सवलत, सगळीकडे असंच झालंय आता. मी आधी त्याच्यावरही तोंडसुख घेतलं. पण दिवाळी झाली आणि माझे भाव उतरायला लागले. आधी डाळ, मग तेल, मग साखर. मी मनात म्हटलं, चला, एवढ्या वर्षांनी कोणीतरी शुद्धीवर आलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर मी उघड सांगितलं की बायांनो, स्वस्ताई आलीय, रडणं बंद करा.

कोणीही मला खोटं पाडलं नाही. हे नीट ऐका, कारण सगळा खेळ इथेच आहे. मी म्हटलं डाळ अमक्याला मिळाली, की समोरची म्हणायची, हो, मलापण तेवढ्यालाच. बाजारात जास्त पैसे देऊन आलेली बाई आपल्याकडे बावळट ठरते. "अगं, फसलीस की" हे ऐकून घ्यायची कोणाची तयारी नसते. म्हणून जिला माझ्या दीडपट पडलं तीही खाली मान घालून माझाच भाव सांगायची, आणि घरी जाऊन स्वतःलाच दोष द्यायची, की आपल्याला मेलं घर चालवता येत नाही. मशीन बनवणाऱ्यांना हे माहीत होतं की नाही देव जाणे. माहीत नसेल तर त्यांचं नशीब थोर.

मंदाची तीच गत झाली. फाल्गुनात तिनं मला विचारलं, जया, डब्याचे पैसे वाढवू का, भागत नाहीये. मी तिला झापलं. डाळ उतरली, तेल उतरलं आणि तू वाढवतेस, लाज नाही का वाटत? तिनं दर वाढवला नाही. पण तेवढ्याच पैशांत आणलेलं तिचं सामान महिना संपायच्या आधीच संपायला लागलं आणि मग तिची नजर केशरबाईंवर गेली.

केशरबाई मंदाकडे पोळ्या करायच्या, कैक वर्षं. वैरागकडच्या. पोळी अशी की गार झाली तरी पदर सुटायचे. एक दिवस मी मंदाकडे बसले असताना केशरबाई निघाल्या आणि मंदानं त्यांची पिशवी धरली. दारात दोघी-तिघी शेजारणी उभ्या होत्या. पिशवीत निघाल्या दोन शिळ्या पोळ्या आणि चष्म्याचं घर. तेवढ्यावर भागायला हवं होतं. पण मला गप्प बसवेना. मी म्हटलं, "डाळ स्वस्त, तेल स्वस्त, मग जातंय कुठं? हात लागत असणारच."

केशरबाई पिशवी उचलून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. माझं वाक्य नेहमीसारखं घरोघर गेलं आणि उपळाई रस्त्यावर त्यांना काम मिळेना.

पुढच्याच उन्हाळ्यात अधिक महिना आला. जावयाला धोंड्याचं जेवण घालणं आलं, तेहतीस अनारशांचं वाण देणं आलं. लेक मुग्धा आणि जावई श्रेयसराव मुंबईहून आले. हे गृहस्थ अर्थशास्त्रातले मोठे. सरकारच्या मूल्यस्थैर्य कक्षात आहेत, म्हणजे महागाई आटोक्यात ठेवायचं खातं, एवढंच मला माहीत होतं. मी पुरणाचे धोंडे केले, त्यावर साजूक तुपाची धार धरली आणि कौतुकानं म्हटलं, श्रेयसराव, संकोच करू नका, तूप यंदा पाण्याच्या भावात मिळालं.

ते हसले. मुग्धानं त्यांच्याकडे डोळे वटारले, पण माणूस जेवून खूश झाला होता. म्हणाले, आई, आता सांगायला हरकत नाही, तुम्ही स्थिरक आहात. संबंध सोलापूर जिल्ह्यात तुमच्या वर एकच बाई आहे, अकलूजची.

मी विचारलं, स्थिरक म्हणजे काय? मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि छान समजावलं. ते कबूल करायलाच हवं.

महागाई दोन पायांवर चालते, ते म्हणाले. एक पाय खरा. आपलं निम्म्याहून जास्त तेल परदेशातून येतं, रुपया घसरला की ते महागतं. पाऊस हुकला की डाळ महागते. सरकारनं आयातकर कमी केला तर थोडं उतरतं, पण तिजोरीत खड्डा पडतो आणि इथला पिकवणारा ओरडतो. दुसरा पाय भीतीचा. उद्या महाग होणार असं वाटलं की माणूस आजच दोन डबे जास्त घेतो, मजूर मजुरी वाढवून मागतो, दुकानदार आधीच भाव चढवून ठेवतो. आणि मग खरोखरच महाग होतं. या भीतीवर बँकेकडे आजवर एकच औषध होतं, व्याजदर वाढवायचा. म्हणजे कर्जं महाग, कारखाने थंड, लोक घरी. भीती जाते, पण सोबत नोकऱ्याही जातात. श्रीमंत देशांना परवडतं, आपल्याला नाही परवडत.

मग शोध लागला. दुकानातल्या त्या पट्ट्या नुसता भाव दाखवत नाहीत, ऐकतातही. "महागलं" हे वाक्य कोणाच्या तोंडून निघालं आणि दुसऱ्या दिवशी किती तोंडांतून परत आलं, एवढंच त्या मोजतात. तेव्हा दिसलं की कुरकुर हजार बायका करतात, पण पसरते ती दोघी-तिघींची. गोवराची साथ एकाच पोरापासून सुरू व्हावी तसं. मग सगळ्या गावाला कडू काढा कशाला पाजायचा? त्या दोघी-तिघींना तेवढं स्वस्तात सामान द्यायचं, फरक सरकारनं दुकानदाराला भरून द्यायचा. त्या खऱ्याखुऱ्या समाधानी होतात. खोटं बोलायची गरज पडत नाही. सगळा देश शांत होतो आणि व्याजदर आहे तिथंच राहतो.

मी विचारलं, मंदालाही मिळतो का हा भाव? ते म्हणाले, त्यांचं बोलणं पसरत नाही. त्यांना जो आहे तो भाव. किती तो विचारला तर त्यांनी मोबाइलवर काढून दाखवला. मला पडत होता त्याच्या जवळजवळ दुप्पट.

"म्हणजे भाव उतरलेच नाहीत?"

"भाव कसे उतरतील, आई? भाव आपल्या हातात नाहीत. भीती आहे."

"आणि आता मी बोलले तर?"

"बोला की. कोणी अडवत नाही. बोललात तर तुमचा भाव आणखी उतरेल."

माझ्या तोंडात धोंड्याचा घास होता. तूप टाळूला चिकटलं होतं आणि मला ते गिळवेना. अधिकात लेक-जावई म्हणजे लक्ष्मीनारायणाचा जोडा, नारायणाला शिव्या कशा घालणार? मी उठून मोरीत गेले आणि खाल्लेलं सगळं बाहेर काढलं. बाहेर मुग्धा विचारत होती, आई, पित्त झालं का? मी म्हटलं, हो. मग परत येऊन जावयाला अनारशांचं ताट दिलं, चांदीचा दिवा दिला, ओवाळलं. त्यांनी वाकून नमस्कार केला. किती सज्जन मुलगा आहे, खरंच सांगते. एखादा नालायक असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी घालता आल्या असत्या.

लेक-जावई गेल्यावर मी पहिली केशरबाईंकडे गेले. लातूर रस्त्याला मुलाकडे राहतात. बाहेर पत्र्याखाली बसल्या होत्या. आत स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याला कुलूप दिसलं. सुनेनं घातलेलं. बार्शीभर सासू चोर ठरल्यावर सुनेनं तरी का विश्वास ठेवावा? मी त्यांना सगळं सांगितलं, मशीन, भाव, सगळं. माझं चुकलं म्हटलं. त्यांनी ते बाजूला सारलं. त्यांना वेगळंच हवं होतं. गावात मुलींचं एक वसतिगृह आहे, तिथं पोळ्यांना बाई पाहिजे होती, राहायला खोलीसुद्धा देत होते. रेक्टरबाई तयार होत्या, पण चोरीचं त्यांच्या कानावर गेलं आणि घोडं अडलं. कुलपाच्या घरातून सुटायचा तेवढाच रस्ता होता.

"चार माणसांत म्हणाला व्हता, काकू," केशरबाई म्हणाल्या, "चार माणसांत फिरवा."

मी म्हटलं, फिरवते. त्याच आठवड्यात भिशी होती, मंदाकडेच. चहा व्हायच्या आत मी उभी राहिले. माझा मोबाइल पुढे केला, मंदाचा मागून घेतला आणि दोन्हींतले मागच्या खरेदीचे भाव सगळ्यांना दाखवले. म्हटलं, बघा, मला एक आणि तुम्हाला एक. स्वस्ताई वगैरे काही नाही, माझं तोंड बंद करायला मला लाच दिलीय. आणि मंदाच्या घरातलं तेल कोणी नेलं नाही, तेल महागच होतं. केशरबाई चोर नाहीत.

मला वाटलं, आता भडका उडणार. बायका मोर्चा काढतील, बलदोट्यांची काच फुटेल. मग पाटलांची सून हळूच म्हणाली, "काकू, हे स्थिरक व्हायला काय करावं लागतं?"

आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या. मोठ्यानं बोलायचं असतं का? दुकानातच बोलायचं की दारातून चालतं? रोज बोलावं लागतं का? मंदानं मला आत ओढत नेलं. मला वाटलं, ही रडणार. ती म्हणाली, जया, माझ्या डब्यांचं सामान आजपासून तूच आण, तुझ्या भावात. मी केशरबाईंचं काढलं. त्यांना परत बोलाव, त्यांची माफी माग. मंदा म्हणाली, आता नवी बाई मिळालीय, तिचे पैसे कमी आहेत, आणि माफी मागायला गेलं तर लोक म्हणणार, मंदानं उगाच आळ घेतला. माझ्या बालपणापासूनची मैत्रीण आहे ही. हिच्या बाळंतपणात मी हिच्या उशाशी बसलेय. मला तिच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून बलदोट्यांच्या दुकानात नुसता गलका. ज्या बायका आजवर नवऱ्यासमोरही आवाज चढवत नव्हत्या त्या पट्टीला तोंड लावून ओरडत होत्या, लुटलं हो, मेलो हो, डाळ बघा काय झालीय. एकीनं तर रडून दाखवलं. शेजारी बाई काय बोलतेय ते कोणीही ऐकत नव्हतं, प्रत्येकीचं लक्ष आपल्या मोबाइलवर, आपला भाव हलतो का. थोरले बलदोटा कानात कापूस घालून बसले. मी गर्दीत उभी राहून जीव तोडून सांगत होते की केशरबाईंनी चोरी केलेली नाही. एक बाई दुसरीला म्हणाली, काकूंची युक्ती बघ, चोरीचं काढलं की जास्त पसरतं.

अशी ही आमची माणसं. सरकारनं दोन-तीन तोंडं विकत घेतली होती, उरलेली रांग लावून विकायला उभी राहिली.

महिनाभरानं श्रेयसरावांचा फोन आला. मी कपाळाला हात लावला, आता बोलणी खावी लागणार, जावयाच्या खात्याचं गुपित मी चव्हाट्यावर आणलं. पण ते आनंदात होते. बार्शीचा निकाल देशात सगळ्यात चांगला आलाय म्हणाले. सगळ्याच ओरडतात, त्यामुळे कोणीच कोणाचं ऐकत नाही, त्यामुळे भीती पसरतच नाही. पापडवाल्यांची मजुरी वाढली नाही, भांडीवाल्यांचे पगार वाढले नाहीत, महागाईचा अंदाज खाली आला. आता स्थिरकांचा खर्चसुद्धा लागणार नाही. फक्त प्रत्येकाला वाटत राहिलं पाहिजे की आपलाही नंबर लागू शकतो. हीच पद्धत देशभर लावायची चाललीय. दुसऱ्या चार देशांनीही मागवलीय, ज्यांचं तेल आणि डाळ आपल्यासारखीच बाहेरून येते. म्हणाले, आई, याचं श्रेय तुम्हाला. मी फोन ठेवला. जावयाचा फोन मी आयुष्यात पहिल्यांदा मध्येच ठेवला.

राहिलं एकच ठिकाण. वसतिगृह. रेक्टरबाईंनी केशरबाईंना निरोप दिला होता की कोठावळेकाकूंनी येऊन शब्द दिला तर घेते. एके काळी या गावात माझा शब्द म्हणजे शब्द होता. मी चांगलं लुगडं नेसले आणि केशरबाईंना घेऊन गेले. त्या बाहेर व्हरांड्यात थांबल्या. आतून पोरींच्या जेवणाचा वास येत होता, पोळ्या करपत होत्या.

रेक्टरबाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. ही बाई धुतल्या तांदळासारखी आहे, म्हटलं, चुकी माझी, माझ्या जिभेची. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कोठावळेबाई, राग मानू नका. तुमचं तोंड सरकारनं भाड्यानं घेतलं होतं हे सगळ्या गावाला माहीत आहे. तुमच्या बोलण्यातलं भाड्याचं कुठलं आणि तुमचं कुठलं, हे मी कसं ओळखू? माझ्याकडे ऐंशी मुलींचं धान्य आहे."

मी भांडले. आवाज चढवला. म्हटलं, मी दिवाळीच्या आधी जशी बोलायची तशीच आता बोलतेय. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, आजकाल सगळेच मोठ्यानं बोलतात. दुसरी बाई कालच ठरवलीय.

बाहेर आले. केशरबाईंनी सगळं ऐकलं होतं, दार उघडंच होतं. मी बोलत सुटले. म्हटलं, मी आणखी एकदा येते, मी लिहून देते, मी भर चौकात उभी राहून सांगते. त्या पिशवी काखेला मारून पायऱ्या उतरल्या, खाली थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"काकू, मला चोर म्हणाला तवा फुकट म्हणाला व्हता का?"

त्या लातूर रस्त्याला लागल्या. फुकट म्हणाले नव्हते. त्या महिन्यात मला डाळ सगळ्यात स्वस्त पडली होती.